हाक मारू नये, डबा वाजवावा

९ मार्च

पोचले एकदाची! शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्ये मी, चालक आणि माझ्या चार पिशव्या एवढेच उरलो होतो. चालकाने दोनदा विचारलं, इथेच ना नक्की? मी म्हटलं, इथेच. मग त्याने पिशव्या उतरवायला मदत केली आणि आता पुन्हा काही भेट नाही अशा सुरात माझा निरोप घेतला.

पक्षी अभ्यास केंद्र म्हणजे मोठी इमारत असेल असं आईला वाटलं होतं. प्रत्यक्षात लाकडी खांबांवर उभं असलेलं एक दुमजली घर आहे. खाली कामाची खोली: लांब टेबल, छोटा तराजू, दिवा, आणि भिंतीवर खुंट्यांची रांग. जाळ्यात सापडलेले पक्षी कापडी पिशव्यांत घालून या खुंट्यांना टांगायचे, एकेकाला बाहेर काढून पायात कडी घालायची, मोजमाप करायचं आणि सोडून द्यायचं. हेच माझं काम, पावसाळ्यापर्यंत. वरच्या दोन खोल्यांपैकी एक माझी. खिडकीतून नजर जाईल तिथवर बोरूचं बन. माणसाहून उंच, वाळून सोनेरी झालेलं. खाली नुसता चिखल. किती खोल आहे ते काकांना विचारलं, तर म्हणाले, "अजून कोणी वर येऊन सांगितलं नाही."

काका म्हणजे इथले नावाडी, राखणदार आणि आचारी, सगळं एकच. आणि केंद्राच्या प्रमुख त्या बाई. साठीच्या आहेत, केस बारीक कापलेले, बोलणं मोजूनमापून. मुलाखतीत त्यांनी माझ्या पदवीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, फक्त कान कसे आहेत असं विचारलं होतं. मी म्हटलं, तिखट. झाली नेमणूक.

घराच्या मागच्या दारातून फळ्यांची एक अरुंद वाट बनात शिरते आणि आत दूर एका मचाणापाशी संपते. वाटेच्या तोंडाशी खांबाला पत्र्याचा डबा टांगलाय आणि वर पाटी: हाक मारू नये, डबा वाजवावा. बनात कोणी कुणाला ओरडून बोलवायचं नाही. काम असेल तर डबा बडवायचा. पक्षी बिचकतात, असं बाई म्हणाल्या. पत्र्याच्या आवाजाने बिचकत नाहीत का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण पहिल्याच दिवशी कशाला शहाणपणा पाजळा, म्हणून गिळला.

१२ मार्च

कामाला लागले. उजाडताना जाळी उघडायची आणि सारखी फेरी मारायची. पक्षी जाळ्यात फार वेळ राहता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दोन बोटांच्या बेचक्यात मान धरायची, इतक्या हलक्या हाताने की त्याला वाटावं आपण स्वतःच थांबलोय. छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला केली की कातडीखालची चरबी दिसते. लांबून आलेला पक्षी नुसता हाडांचा सापळा असतो. तसल्याला लगेच सोडायचं, त्याला खायची घाई असते.

फोन फक्त मचाणावर लागतो. म्हणून रोज संध्याकाळी तिथे उभी राहून मी धाकटीशी बोलते. वारा असतो, त्यामुळे बोलणं कसलं, ओरडणंच ते. "धाकटे, ऐकू येतंय का?" या एका वाक्यावर माझा निम्मा वेळ जातो. हाक मारायची नाही असा नियम आहे, पण ही काही हाक नव्हे, असं मी स्वतःला समजावलंय. बाईंना ते पटेल असं वाटत नाही.

धाकटीबद्दल इथे लिहायला हवं, कारण डोक्यात तीच असते. पूर्वी ती आली की तिच्याआधी तिचा आवाज यायचा. खालच्या पायरीवरून "ताईऽ" म्हणून अशी आरोळी ठोकायची की शेजारचेही दार उघडायचे. सगळं बिनसलं ते तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा. त्या माणसाने दुसरीशी सूत जमवलं. धाकटी रडली नाही, भांडली नाही, नुसती गप्प झाली. चार महिने. आई म्हणते, पोरगी एकदा धाय मोकलून रडली असती तर सुटली असती. मलाही तेच वाटतं. आता कुठे जरा बोलायला लागलीय. काही दिवस तिला इथे आणायचं माझ्या मनात आहे.

ही वही कोटाच्या खिशात मावते, म्हणून कामावरही बरोबर असते.

१७ मार्च

वारा फिरला. या दिवसांत यायला हवा त्याच्या बरोबर उलट दिशेने येतोय, आणि त्याच्याबरोबर पक्षी! असं मी कधी पाहिलं नव्हतं. काल दुपारपासून थव्यामागून थवे बनात कोसळतायत. वाट चुकलेले, दमलेले, कुठल्या कुठे जायचे ते इथे येऊन पडलेले. खुंट्या कमी पडल्या म्हणून पिशव्या खुर्च्यांच्या पाठीला टांगल्या. मी आणि बाई जेवणसुद्धा उभ्या उभ्या उरकतो. मी अगदी हवेत आहे.

काका मात्र खूश नाहीत. त्यांना छेडलं, की तुम्हाला तर गर्दीचा कंटाळाच, मग ती पाखरांची का असेना. ते हसले नाहीत. असा वसंत आधी एकदाच आला होता, एवढंच म्हणाले आणि होडीतलं पाणी उपसायला गेले. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र असा उजेड आहे की ओळखू येत नाहीत.

१९ मार्च

पाहिला! नकल्या वटवट्या!

पुस्तकात ज्याच्यापुढे "अतिदुर्मीळ" असं लिहून पुढे काहीच लिहिलेलं नसतं, तो. चिमणीहून लहान, मातकट, दिसायला अगदी बापुडवाणा. सगळी करामत गळ्यात. जिथे जिथे मुक्काम करतो तिथल्या पक्ष्यांची गाणी उचलतो आणि सगळ्यांची भेळ करून गातो. मचाणाच्या डाव्या अंगाला बोरूच्या शेंड्यावर बसला होता. मी दहा वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज ऐकले त्याच्या तोंडून, त्यातले चार तर समुद्रापलीकडचे. आणि मध्येच कुत्र्याचं भुंकणं, एकदा दाराची करकर. मला मोठ्याने हसू आलं.

आमच्यात एक रीत आहे. असला पक्षी एकट्याने पाहिला तर तो पाहिलाच नाही असं धरतात. दुसऱ्या कोणीतरी पाहिला की मग तो खरा. म्हणून मी धावत घरी आले. वाटलं, बाई विचारतील, भुवईची रेघ कशी, पाय कुठल्या रंगाचे, पंखांवर काय. त्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "काय म्हणाला?"

मी पक्ष्यांची नावं सांगायला लागले. त्या मान हलवत राहिल्या. "आणखी? माणसासारखं काही?" मी नाही म्हटल्यावर मनगट सोडलं. त्यांच्या बोटांचे वळ अजून आहेत.

२२ मार्च

आज शोभा झाली.

पक्षी जाळ्याकडे यावा म्हणून आम्ही त्याच्याच आवाजाची ध्वनिफीत वाजवतो. जाळ्याखाली भोंगा ठेवायचा, तो बिनतारी असतो, फोनला जोडायचा. मी परवा नकल्याचं गाणं टिपून घेतलं होतं, तेच आज मचाणाजवळच्या भोंग्यावर लावलं. स्वतः मचाणावर लपून बसले. नकल्या जवळ जवळ येत होता. एक नाही, दोन. नंतर तर मोजणं सोडलं.

तेवढ्यात धाकटीचा निरोप आला, तिच्या आवाजातला. मी सवयीने बोट लावलं आणि विसरले की फोन भोंग्याला जोडलेला आहे. सगळ्या बनावर तिची आरोळी घुमली: "ताईऽ! अगं ऐक ना! तिकीट काढलं, येतेय मी! कुठे आहेस तू? ओ दे ना!"

पक्षी उडून जायला हवे होते. एकही उडाला नाही. उलट सगळे गप्प झाले, माना वाकड्या करून भोंग्याकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. मी निरोप पुन्हा लावला, आणखी एकदा लावला. किती महिन्यांनी तिच्या आवाजात ती जुनी धाकटी होती! डोळे भरून आले माझे. पाच एप्रिलपासून सुट्टी मिळेल, सहाला येते म्हणाली.

२५ मार्च

नकल्या जाळ्यात सापडला. बाईंनी कडी घालू दिली नाही. पण तराजूवर ठेवण्याआधी मी फुंकर मारून पाहिलं. समुद्र ओलांडून आलेला पक्षी, हाडं टोचायला हवीत. हा गुबगुबीत. कातडीखाली पिवळीधमक चरबी, गळ्यापर्यंत. या दिवसांत बनात किडेही फारसे नाहीत. काय खातो हा?

बाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि मूठ कानाशी नेली. हातात धरलेला पक्षी गात नाही कधी, धडपडतो किंवा गोठतो. हा गायला. हळू, घशातल्या घशात. मी टेबलाच्या या बाजूला होते, तरी मला स्वच्छ ऐकू आलं. पुरुषाचा आवाज, दमलेला, थोडा घोगरा. "इकडे ये गं. पाय अडकलाय. इकडे."

बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसत होत्या. मी खोली सोडून बाहेर आले. कसलं पाणी मुरतंय इथे?

२६ मार्च

काकांना धरून बसवलं आणि सगळं काढून घेतलं.

तो आवाज बाईंच्या नवऱ्याचा. त्या आधीच्या वसंतात, असाच उलटा वारा सुटलेला असताना, नवरा-बायको दोघं या केंद्रावर होते. संध्याकाळी बाईंच्या आवाजात बनातून हाक आली. बाई तेव्हा घरात होत्या, काकांसमोर, कांदा चिरत. नवरा मचाणावर होता. तो हाकेच्या रोखाने फळ्या सोडून उतरला. मग त्याच्या हाका सुरू झाल्या. काकांनी होडी घातली. पण हाक डावीकडून येई, जवळ गेलं की उजवीकडून. चिखल लवकर संपवतो, काका म्हणाले. पण हाका पुढे चार दिवस येत होत्या. त्या दिवसापासून डबा.

मी म्हटलं, इतक्या वर्षांपूर्वीचा आवाज आत्ताच्या पक्ष्याला कसा येणार, एवढुसा जीव, जगतो किती? आणि बोलता बोलताच उत्तर सुचलं. बाप गातो ते पिल्लू उचलतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय ते. बाई इतकी वर्षं इथे त्यासाठीच राहिल्यात. मला आणलं तेही त्यासाठीच, माझ्या तिखट कानांसाठी.

बाईंचं वाईट वाटलं. आणि मग आठवलं, भोंग्यावर तो निरोप मी तीनदा वाजवला होता.

२९ मार्च

सकाळी जाळी उघडताना, मचाणाच्या पलीकडून: "ताईऽ!"

तिचाच आवाज. तोच हेल, शेवटी तसाच चढलेला. मी ओ दिली. तोंडातून निघूनच गेली, जन्मभराची सवय. लगेच दुसरीकडून: "कुठे आहेस तू? ओ दे ना!"

मी मचाणावरून फोन केला. धाकटी घरीच होती, चहा पीत. मी म्हटलं, तू येऊ नकोस. का, तर काम फार आहे. पक्ष्यांच्या हाकांचं सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं, किंवा पुढच्याच बसने बघायला आली असती. ती म्हणाली, बरं. ते "बरं" त्या गप्प चार महिन्यांतलं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, ये, पण सहालाच ये, मी थांब्यावर घ्यायला येते, एकटी पुढे येऊ नकोस. तिकडेच हिला गाठायचं, जवळच्या गावात खोली घ्यायची आणि चार दिवस तिथेच राहायचं, असं मी ठरवलंय. इकडे पाऊलही टाकू द्यायचं नाही.

ती खुलली. बनाच्या कडेला उभं राहून डबा वाजवायचा असतो, हाक मारायची नसते, हेही मी तिला गंमत म्हणून सांगून ठेवलं. असावं माहीत.

१ एप्रिल

नकल्यांशिवाय दुसरा पक्षी जाळ्यात येत नाही. बाकीचे सगळे हजारो, कुठे गेले? बन भरलेलं आहे, पण गाणं नाही. नुसती बोलणी.

त्यांनी आता मिसळायला सुरुवात केलीय. दोन पक्ष्यांची गाणी जशी एकत्र करतात, तशी. आज धाकटीच्या आवाजात ऐकलं: "ताई, पाय अडकलाय." तिने हे कधी म्हटलेलं नाही. शब्द त्या माणसाचे, गळा तिचा. मला माहीत आहे हे कसं होतं, मी समजावून सांगू शकते, तरी फळ्यांवरून घरापर्यंत धावत आले.

एक गोष्ट धरून ठेवायची: जे ऐकलंय तेच ते म्हणू शकतात. न ऐकलेलं नाही.

२ एप्रिल

बाई गेल्या.

पहाटे मागचं दार उघडं होतं. फळ्यांवर त्यांचे बूट, नीट जोडीने ठेवलेले, देवाच्या दारात ठेवावेत तसे. बनातून तो घोगरा आवाज येत होता आणि त्यावर त्यांचं उत्तर, अगदी लाडिक, "आले, आले." काकांनी होडी घातली. मी डबा बडवत राहिले, हात सोलवटले. दुपारी काका परत आले. मान हलवली.

बाई अजून बोलतायत. डावीकडून. उजवीकडून. "आले, आले."

३ एप्रिल

फोनवर कोणी यायला तयार होईना, म्हणून काका होडीने पाण्यापलीकडच्या मोठ्या गावाकडे गेले, माणसं आणायला. जाऊन येऊन तीन दिवस. मला चल म्हणत होते. मी म्हटलं, जाळी उतरवल्याशिवाय जाणार नाही. उघडी जाळी टाकून जायची नसते. आणि सहाला धाकटी येईल, बसच्या रस्त्याने, मी होडीने गेले तर चुकामूक होईल.

सगळी जाळी उतरवली. काका जाताना म्हणाले, "पोरी, कुणाला ओ देऊ नकोस."

४ एप्रिल

वरच्या खोलीत. खिडकी बंद, दार बंद.

संध्याकाळी डबा वाजला. मी धावत खाली गेले. वाटलं, काका. वाटेवर कोणी नाही. डबा खांबाला स्थिर, हललासुद्धा नव्हता. आवाज बनातून येत होता. पत्र्याचा, हुबेहूब. परवा मी दिवसभर बडवला. शिकले.

म्हणजे आता डब्यावरही विश्वास नाही.

कानात कापूस घातलाय. उद्याचा दिवस काढायचा. परवा थांब्यावर.

५ एप्रिल, सकाळ

माझा आवाज.

"धाकटे, ऐकू येतंय का?" — बनातून. मी तोंडावर हात धरून बसले होते, तरी वाटलं मीच बोलले. मचाणावरून रोज ओरडत होते ना. हेही उचललं.

माझा आवाज कोणासाठी? इथे मीच तर आहे.

दुपार

कापूस असूनही ऐकू येतंय. "ताईऽ". खालून. घराच्या अगदी जवळून. इतक्या जवळ आधी कधी आले नव्हते.

मग डबा. जोरात, खूप वेळ. पक्षीच. जाणार नाही. बघणारही नाही. आणखी कापूस घातला. उशी दाबून धरली.

थांबलं.

नंतर

धाकटीला फोन करायला हवा. उद्या येऊच नकोस म्हणून. काय वाटायचं ते वाटो तिला. मचाणावर जायला लागेल. दोर घेते.

मचाणावर

फळ्यांवर तिची पिशवी होती.

निळी. चेन तुटलेली, आईने पिन लावलेली. मी ओलांडून पुढे आले, तिच्याकडे बघून नाही असं म्हणत —

फोन लागला. निरोप आलाय. आत्ताचा. तिचा आवाज, धापा टाकत, हसत —

"ताई, एक दिवस आधीच आले, म्हटलं गंमत करू. दार वाजवून हात दुखले. तू सांगितलंस तसा डबापण वाजवला. आता मागे तुझा आवाज येतोय, ऐकू येतंय का म्हणून काय विचारतेस, येतंय की! फळ्या संपल्या इथे. चिखल आहे गं. थांब तिथेच, येतेय —"

तो डबा खरा होता. ती खाली उभी होती आणि मी कानात कापूस घालून —

मी नाही बोलवलं. मी नाही बोलवलं तिला.

हाका येतायत. दोन्हीकडून. "ताई, पाय अडकलाय." डावीकडे तीच. उजवीकडे तीच. मी ओरडून विचारलं, लहानपणीच्या मांजरीचं नाव काय? डावीकडून: ओ दे ना. उजवीकडून: ओ दे ना.

काका, तुम्हाला सापडावी म्हणून वही इथे फळीवर ठेवतेय. दोर मचाणाच्या खांबाला बांधलाय. दुसरं टोक माझ्या कमरेला. दोर ज्या बाजूला गेला असेल तिकडे बघा. हाकेकडे जाऊ नका. माझी असली तरी.

थांबा —

उजवीकडे ती रडतेय.

रडतेय! मोठ्याने, लहान मुलीसारखी. ती कधी रडली नाही, चार महिने, एकदाही नाही. फोनवर नाही, भोंग्यावर नाही. यांनी हे कधी ऐकलेलं नाही. ऐकलं नाही ते यांना म्हणता येत नाही. म्हणजे उजवीकडची खरी. देवा, उजवीकडची खरी. जिवंत आहे. दोर उजवीक—

आता डावीकडेही रड